दूध पुरत नाहीये असं वाटतंय, नक्की ओळखायचं कसं?

पेंगुळलेली (रात्री ३:१२)

बाळ अकरा दिवसांचं आहे, मुलगी. एका हाताने टाइप करतेय, चुका समजून घ्या. प्रश्न साधाच आहे, दूध पुरतंय की नाही हे कळतं कसं? हिला घेते, दहा मिनिटांत डोळे मिटते, खाली ठेवलं की पाठ टेकायच्या आत किंचाळते, परत घेते, परत तेच. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा तर मी खुर्चीतून उठतच नाही. सासूबाई म्हणतात दूध कमी आहे, पोट भरत नाही पोरीचं, एक बाटली वरचं दे आणि बघ कशी झोपते. आई फोनवर म्हणते अजिबात देऊ नकोस. दोघी प्रेमानेच बोलतायत पण मधल्यामध्ये माझं भरीत झालंय. काल पंप आणला, अर्धा तास लावला, तळाला जेमतेम २० मिली. ते बघून रडूच फुटलं. शिवाय चौथ्या-पाचव्या दिवशी छाती कशी दगडासारखी झाली होती, आता तशी लागत नाही. आटलं का? उजवीकडे भेग पडलीये, ती तोंड लावते तेव्हा मी पायाची बोटं आवळून धरते. असंच असतं का हे? सवय होते का?

दोघांची_आई (रात्री ३:२६)

जागीच आहे, माझा धाकटा पण आत्ता पितोय. पहिलं काम, ती पंपाची बाटली नजरेआड कर. पंपात किती येतं त्यावरून तुझ्याकडे किती आहे ते कळत नाही. बाळ जसं ओढतं तसं त्या प्लास्टिकला जमत नाही, आणि तू तिला पाजून झाल्यावरच लावला असशील ना? मग ते उरलंसुरलं होतं, उरलंसुरलं २० मिली म्हणजे काही वाईट नाही.

आणि छाती मऊ लागणं. सुरुवातीला जे दगड होतात त्यात नुसतं दूध नसतं, सूज पण असते, ती ओसरते. माझ्या थोरलीच्या वेळी मी नेमकी याच गोष्टीला घाबरून बाटली सुरू केली आणि मग खरंच कमी झालं, कारण बाटलीने पोट भरलं की ती माझ्याकडे कमी ओढायची, आणि जेवढं ओढलं जातं तेवढंच तयार होतं. हे मला तेव्हा कुणी सांगितलंच नाही, सगळे म्हणाले बघ, दूध नव्हतंच.

वॉर्ड_रात्रपाळी (रात्री ३:४०)

ड्युटीवर आहे, वॉर्ड शांत आहे तोवर लिहिते. ताई, रडण्यावरून काही ठरवू नका. बाळं भुकेने रडतात तशी वाऱ्याने, थंडीने, नुसतं जवळ हवं म्हणूनही रडतात. मला एवढं सांगा, २४ तासांत किती नॅपी ओल्या होतात, शी कसली होते आणि कुठल्या रंगाची, जन्माचं वजन किती, घरी सोडलं तेव्हा किती, आता किती. आणि तिने तोंड सोडल्या सोडल्या निप्पलचा आकार कसा दिसतो ते आत्ताच बघून सांगा.

पेंगुळलेली (रात्री ३:५८)

ओल्या सहा-सात. शी चार-पाच वेळा, पिवळी, पातळ, मध्ये दाणे दाणे. जन्माचं वजन २ किलो ९००. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा २ किलो ६९०, काल दाखवायला नेलं तेव्हा २ किलो ८६०. डॉक्टर ठीक आहे म्हणाले पण एवढंच म्हणाले, पुढचा पेशंट आत आला. आणि निप्पल... आत्ता बघितलं. एका बाजूने चपटं झालंय, तिरकं कापल्यासारखं, नव्या लिपस्टिकचं टोक असतं ना तसं. टोक पांढरं पडलंय.

वॉर्ड_रात्रपाळी (पहाटे ४:४१)

एक पेशंट आली म्हणून उशीर झाला.

तुमचं दूध पुरतंय. हे धीर द्यायला म्हणत नाही, तुमच्याच आकड्यांवरून म्हणते. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतंच, ७ टक्क्यांपर्यंत तर अगदी नेहमीचं, १० टक्क्यांच्या पुढे गेलं की आम्ही नीट तपासतो. तुमचं सातच्या आसपास उतरलं आणि नंतरच्या सात दिवसांत १७० ग्रॅम परत आलं, म्हणजे रोजचे २४ ग्रॅम. रोज २० ते ३० हवे असतात. जन्माचं वजन दहा ते चौदा दिवसांत भरून निघालं म्हणजे झालं, तुमचं दोन-तीन दिवसांत निघेल. शू पाचव्या-सहाव्या दिवसानंतर सहा किंवा जास्त हवी, आहे. शी काळ्याची हिरवी आणि हिरव्याची पिवळी झाली, म्हणजे दूध पोटात जाऊन खालून बाहेर पडतंय. वरून जातंय किती ते दिसत नाही म्हणून खालून मोजायचं, आम्ही वॉर्डात नव्या आयांना एवढंच शिकवतो.

चुकतंय ते लॅच, म्हणजे बाळाने स्तन तोंडात धरायची पकड. निप्पल असं चपटं होऊन बाहेर येतं म्हणजे ती नुसतं टोक चावतेय, टाळूवर दाबतेय. त्याने तुम्हाला भेग पडते, तिला थेंब थेंब मिळतं, दमून झोपते, पोट अर्धंच भरलेलं म्हणून परत उठते. दुखणं ही सवय करून घ्यायची गोष्ट नाही. सुरुवातीचे काही सेकंद ओढ बसते ते वेगळं, पण बोटं आवळावी लागत असतील तर सोडवायचं आणि परत लावायचं. करंगळी तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवा, हवा गेली की सुटते, ओढून काढू नका.

आता परत कसं लावायचं ते. तिचं पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं, मान वळलेली नको, कान खांदा कंबर एका ओळीत. निप्पल तिच्या नाकासमोर येऊ द्या, तोंडासमोर नाही. वरच्या ओठाला घासा आणि थांबा. घाई इथेच होते. जांभई देताना उघडतं तेवढं मोठं तोंड उघडलं की तिला तुमच्याकडे घ्या, तुम्ही तिच्यावर वाकू नका. हनुवटी आधी टेकते, नाक मोकळं राहतं, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, आणि भोवतालचा गडद भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो, खाली जवळजवळ दिसत नाही. गाल फुगीर राहिले तर बरोबर, खळगे पडत असतील किंवा टक टक आवाज येत असेल तर परत सोडवा.

आणि कान देऊन ऐका. आधी भराभर चुटूचुटू ओढते, मग दूध उतरलं की लय बदलते, ओढ, ओढ, गटक. तो गटकचा बारीक आवाज, श्वास सोडल्यासारखा, तो यायला हवा.

आजीचा_मोबाईल (सकाळी ६:१०)

मुली, सासूवर रागावू नकोस. आमच्या वेळी दवाखान्यात बाळ वेगळ्या खोलीत ठेवायचे आणि दर चार तासांनी घड्याळ बघून आणून द्यायचे. मधे रडलं तर नर्सबाई बाटली द्यायच्या. घरी आल्यावर मी पण तसंच घड्याळ लावून पाजलं. तिसऱ्या महिन्यात दूध गेलं. तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की आमच्या घराण्यात दूधच कमी. सुनेचं बाळंतपण करताना कळलं की कमी नव्हतं, पाजलंच कमी होतं. तुझ्या सासूने पण कदाचित तेच भोगलेलं असेल. तिला विचारून बघ.

वॉर्ड_रात्रपाळी (सकाळी ७:०५)

आजी, अगदी. १९९१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने बाळस्नेही रुग्णालयांचा उपक्रम सुरू केला त्यात बाळ चोवीस तास आईजवळ ठेवायचं आणि मागेल तेव्हा पाजायचं हे मुद्दाम लिहावं लागलं, यावरूनच त्याआधी काय चालायचं ते समजा. नव्या बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा लागतं. संध्याकाळचं ते सहा ते अकरा, ते पण बहुतेक बाळं करतात, जवळजवळच्या वेळाने सारखं पिणं, म्हणजे दूध संपलं असं नाही. ड्युटी संपली, जाते झोपायला.

बाबा_बिनपगारी (दुपारी १:२०)

पुरुषाने इथे बोलावं का माहीत नाही पण बोलतो. आमच्याकडे पण दूध पुरत नाही हा जप चालू होता. बायकोला पाजायचं काम, त्यात मला काय करता येईल कळेना, म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला रेघा मारायला लागलो, शू ची उभी, शी ची आडवी. तीन दिवसांनी माझी आई तो कागद बघून गप्प झाली. मी वाद घातला असता तर झाली नसती. बाकी ढेकर काढणं, नॅपी, रात्री बाळ उचलून बायकोच्या कुशीत देणं आणि परत घेणं, पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी ठेवणं, हे सगळं मला जमलं. पाजायला बसली की तिला लगेच तहान लागायची, दर वेळी.

शिस्तीची_आई (दुपारी ३:४५)

काही झालं तरी वरचं देऊ नका. पावडर म्हणजे विष आहे. सहा महिने फक्त आणि फक्त अंगावरचं, हे सगळीकडे लिहिलेलं आहे. निश्चय असला की प्रत्येकीला येतं दूध, ज्या देतात त्या आळशीपणाने देतात.

नीलकमळ (दुपारी ४:३०)

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणी पण नाही, हे बरोबर आहे. पण तुमचं शेवटचं वाक्य वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. मी ती आळशी. माझ्या मुलाचं वजन जन्माच्या तुलनेत १२ टक्के उतरलं होतं, पाचव्या दिवशी एक नॅपी ओली, शू विटकरी रंगाची, कावीळ वाढत चाललेली आणि तो रडत पण नव्हता, नुसता झोपून, उठवावं लागायचं. घरचे म्हणायचे किती शहाणं बाळ आहे. मी निश्चयाने दर दोन तासांनी पाजत होते, लॅच दोन जणींनी बघितलं, बरोबर होतं. माझ्या स्तनांत दूध तयार करणाऱ्या ग्रंथीच कमी आहेत, गरोदरपणात छातीत काहीच बदल झाला नव्हता, कुणी विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. काहींना थायरॉइडने होतं, काहींना आधीच्या ऑपरेशनने, काहींची वार आत थोडी राहिलेली असते. कमी जणींना होतं पण होतं.

फॉर्म्युलाने माझं मूल वाचलं. आधी अंगावर घ्यायचं, मग वाटी-चमच्याने वरचं, असं करत मी त्याला अकरा महिने पाजलं, जेवढं येत होतं तेवढं. जे देतात त्यांना फक्त एवढंच सांगेन, पावडर डब्यावर लिहिलीये तेवढीच घ्या, पुरवायला म्हणून पाणी वाढवू नका.

शिस्तीची_आई (संध्याकाळी ५:१२)

सॉरी. तुमच्यासारख्यांबद्दल म्हणायचं नव्हतं. पण डबे विकणाऱ्यांनी काय काय केलंय ते वाचा, उगाच नाही १९८१ मध्ये त्यांच्या जाहिरातींवर आंतरराष्ट्रीय संहिता आणावी लागली.

नीलकमळ (संध्याकाळी ५:२०)

जाहिरातीवर बोला ना मग. आयांवर कशाला.

टिंबटिंब (रात्री ९:५०)

विषय थोडा वेगळा आहे, पण कुणाला असं होतं का. दूध उतरायच्या अगदी आधी, अर्धा मिनिट, एकदम आतून काहीतरी खचतं. घरी कुणी वारलंय आणि मला आत्ताच आठवलं, असं काहीतरी. मग दूध वाहायला लागतं आणि मिनिटाभरात सगळं ठीक. दिवसातून दहा वेळा. मला वाटलं मला बाळ आवडत नाहीये. नवऱ्याला सांगितलं नाहीये.

दोघांची_आई (रात्री १०:०४)

मला दुसऱ्या वेळी झालं!! आणि मी पण कुणाला बोलले नव्हते.

वॉर्ड_रात्रपाळी (रात्री ११:१५)

टिंबटिंब, याला नाव आहे, डी-मर म्हणतात. पान्हा फुटायच्या क्षणी डोपामिन हे मेंदूतलं रसायन एकदम खाली जातं आणि त्याने होतं असं मानतात. तुमच्या मनातलं नाही ते, शरीरातलं आहे. बाळ आवडण्या न आवडण्याशी संबंध नाही. बऱ्याच जणींना नुसतं कळलं तरी त्याची धार जाते. नवऱ्याला सांगा.

पण एक फरक लक्षात ठेवा. हे मिनिटा-दोन मिनिटांत जातं. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणं पण नेहमीचं, दोन आठवड्यांत ओसरतं. दिवसभर खिन्न वाटत असेल, दोन आठवडे झाले तरी जात नसेल, बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नसेल, किंवा स्वतःला-बाळाला काही करावंसं मनात येत असेल तर ते वेगळं, तेव्हा थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

गोधडी (रात्री ११:४०)

माझं अजून बाळंतपण व्हायचंय, आठवा चालू आहे, सगळं वाचतेय. पहिल्या दिवशी दूध येतच नाही म्हणतात, मग तोवर काय द्यायचं?

वॉर्ड_रात्रपाळी (रात्री ११:५८)

येत नाही असं दिसतं. चीक येतो, घट्ट, पिवळसर, थोडाच. आणि थोडाच लागतो, पहिल्या चोवीस तासांत बाळ एका वेळेला २ ते १० मिली पितं, म्हणजे फार तर दोन चमचे. तो पिळून टाकायचा नाही, त्यातच रोगाशी लढणारे घटक भरलेले असतात. बाळ झालं की तासाभराच्या आत छातीवर उघड्या अंगाने ठेवायला सांगा, सिझर झालं तरी सांगा, बहुतेक वेळा जमतं. खरं दूध उतरतं ते वार बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन खाली येतं त्याच्यामुळे, दुसऱ्या ते पाचव्या दिवसात केव्हाही. सिझरवाल्यांना थोडं उशिरा. तोवर दुसरं काही चाटवायचं नाही, मध तर नाहीच, वर्षाच्या आत मध अजिबात नको.

पेंगुळलेली (आठ दिवसांनी, दुपारी २:३०)

आज एकोणीस दिवस. वजन ३ किलो ७० ग्रॅम. तीन!! तेराव्या दिवशी जन्माचं भरलं होतं.

लॅच लगेच नाही जमलं, खोटं कशाला बोलू. पहिले दोन दिवस प्रत्येक वेळी चार-चार वेळा सोडवत होते, ती चिडायची, मी चिडायचे. मग एकदा रात्री नवऱ्याने मोबाईलचा उजेड धरला आणि खालच्या बाजूने बघून म्हणाला ओठ आत मुडपलाय. मला वरून दिसतच नव्हतं ते. त्याने बोटाने हनुवटी हलकी खाली ओढली, ओठ बाहेर आला आणि दुखणं थांबलं, म्हणजे बटण दाबल्यासारखं थांबलं. मग तो गटकचा आवाज, मी ऐकला, त्याने पण कान लावून ऐकला. भेगेवर प्रत्येक वेळी पाजून झालं की आपलंच दूध लावून वाळू देते, आता खपली पण नाहीये.

सासूबाईंना विचारलं, आजींनी सांगितलं तसं. त्यांना माझ्या नवऱ्याच्या वेळी दुसऱ्या महिन्यात बंद करावं लागलं होतं. सांगताना त्या भांडी पुसत होत्या, एकच पातेलं किती वेळ पुसत होत्या. एवढंच म्हणाल्या, मला वाटलं तुझं पण तसंच होणार.

आजीचा_मोबाईल (संध्याकाळी ६:००)

❤️

पेंगुळलेली (पाचव्या आठवड्यात, पहाटे ५:१५)

परत मीच. डावीकडे गाठ आलीये, बाहेरच्या बाजूला, लाल, हात लावू देत नाही. रात्री थंडी वाजून ताप आला, १०१.५. आई म्हणते गरम पाण्याने शेक आणि जोराने चोळून काढ, दूध साचलंय. त्या बाजूने पाजू नको असं पण म्हणाली. पाजू का नको?

दोघांची_आई (पहाटे ५:२२)

पाज पाज, थांबवू नकोस. मी पण चोळून चोळूनच काढली होती गाठ, फार दुखलं पण गेली.

वॉर्ड_रात्रपाळी (पहाटे ५:५०)

चोळू नका. दोघांची_आई, तुमची चूक नाही, मी स्वतः कित्येक वर्षं आयांना हेच सांगायचे, गरम शेका, दाबून काढा, पंपाने रिकामं करा. २०२२ मध्ये अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनने त्यांचा मास्टायटिसचा, म्हणजे स्तनाला येणाऱ्या या सुजेचा, सल्ला बदलला आणि आम्हालाही परत शिकावं लागलं. नळीत दुधाचा खडा अडकलाय असं आपण समजायचो, ते तसं नसतं, आजूबाजूला सूज येते आणि तिने नळी दाबली जाते. वरून रगडलं की सूज वाढते. पंपाने जास्त जास्त काढलं की शरीराला वाटतं मागणी वाढली, आणखी दूध, आणखी सूज.

आता करा असं. कापडात गुंडाळून बर्फ, पाजून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं. पाजा नेहमीएवढंच, त्या बाजूनेही, त्या दुधाने बाळाला काही होत नाही. आयबुप्रोफेन पाजणाऱ्या आईला चालतं, पॅरासिटामॉल पण चालतं, तुम्हाला पोटाचा अल्सर किंवा किडनीचा त्रास नसेल तर. घट्ट ब्रा नको. आणि ताप आहे म्हणून आज डॉक्टरला दाखवाच, चोवीस तासांत उतरला नाही तर बहुतेक अँटिबायोटिक देतील, पाजताना चालणारी असतात, पाजते आहे एवढं आठवणीने सांगा. मध्येच बंद करू नका, बंद केल्याने गळू व्हायचा धोका वाढतो.

पेंगुळलेली (दोन दिवसांनी)

अँटिबायोटिक चालू आहे. ताप गेला. गाठ अर्धी झाली. बर्फाचं आईला पटलं नाही पण तिने आणून दिला.

गोधडी (दीड महिन्याने)

झालं माझं! मुलगा, सिझर. दीड तासाने छातीवर मिळाला, तासाच्या आत म्हणून सांगून ठेवलं होतं पण टाके घालेपर्यंत वेळ गेला, असो. आता प्रश्न वेगळा, चार दिवस शी नाहीये. सहा आठवड्यांचा आहे. शू भरपूर, हसतोय खेळतोय.

दोघांची_आई

पोट मऊ असेल, वजन वाढत असेल, उलट्या नसतील तर काही नाही. सहा आठवड्यांनंतर फक्त आईच्या दुधावरची बाळं कितीतरी दिवस शी करत नाहीत, आणि मग एकदा अशी करतात की कपडे फेकून द्यावेत. तयार राहा.

बाबा_बिनपगारी

आमच्या कॅलेंडरवर आडव्या रेघांचा नऊ दिवसांचा दुष्काळ होता. दहाव्या दिवशी नेमका पांढरा शर्ट घातला होता मी.

पेंगुळलेली (मुलगी चार महिन्यांची, रात्री १०:४०)

पुढच्या आठवड्यात कामावर जातेय. तोच पंप परत काढला. आता एका बाजूने ८० येतं सकाळच्या वेळी, तिला एका बाजूला पाजत असताना दुसऱ्या बाजूला लावला की. साठवायचं म्हणतात ते किती वेळ चालतं नक्की? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

वॉर्ड_रात्रपाळी (रात्री ११:३०)

खोलीत ४ तास, तेही २५ डिग्रीच्या आत असेल तर, उकडत असेल तर सरळ फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये ४ दिवस, दारात नाही, आत मागे ठेवा, दार उघडझाप होऊन तिथे गार राहत नाही. फ्रीजरमध्ये ६ महिन्यांपर्यंत उत्तम. तारीख टाका आणि ६० ते १०० मिलीचेच छोटे भाग करा, तिने उष्टं ठेवलं तर दोन तासांनी टाकावं लागतं, फार जीव तुटतो ओतताना. गोठलेलं काढलं की फ्रिजमध्ये वितळू द्या, पूर्ण वितळल्यावर २४ तासांत वापरा, परत गोठवायचं नाही. मायक्रोवेव्ह नको, मध्येच कुठेतरी कढत राहतं आणि तोंड भाजतं, गरम पाण्याच्या भांड्यात बाटली धरा. वर साय जमते ती खराब नाही, हलक्या हाताने फिरवली की मिसळते.

कामाच्या ठिकाणी साधारण ती ज्या वेळांना पिते त्याच वेळांना काढा, नाहीतर छाती फुटायला येते आणि दूध हळूहळू कमी होतं. रात्रीचं पाजणं मात्र सोडू नका एवढ्यात, दूध तयार करवणारं हार्मोन, प्रोलॅक्टिन, रात्री जास्त असतं.

टिंबटिंब (रात्री ११:५२)

पंप लावायच्या आधी माझ्या मुलीचा झबल्याचा वास घ्यायचे मी ऑफिसात. दार लावून. लगेच उतरायचं दूध. ते खचणं सहाव्या महिन्यापर्यंत गेलं, सांगायचं राहिलं होतं. नवऱ्याला सांगितलं होतं मी. तो त्या अर्ध्या मिनिटात पाठीवर हात ठेवायचा फक्त.

पेंगुळलेली (तीन आठवड्यांनी, रात्री १२:०५)

एक शंका. फ्रीजरमधलं पहिलं पाकीट आज वितळवलं आणि त्याला साबणाचा वास येतोय. बाटली नीट धुतली होती, दोनदा. खराब झालं का? बारा पाकिटं आहेत आत, सगळी टाकायची म्हटलं तर मी रडेन.

वॉर्ड_रात्रपाळी (रात्री १२:२०)

टाकू नका. दुधात लायपेज असतं, ते साठवणीत चरबी फोडतं, त्याचा वास तसा येतो. बाळाला अपाय नाही. आंबट-कुजका वास असेल तर टाका, साबणासारखा असेल तर चालतं. ती पितेय का ते बघा फक्त, काही बाळं तोंड फिरवतात. फिरवलं तर पुढच्या वेळी काढल्यावर लगेच, कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवायचं, उकळू द्यायचं नाही, चटकन गार करून मग गोठवायचं.

पेंगुळलेली (रात्री १२:३१)

बोटाला लावून चाटून बघितलं. साबणच. सासूबाईंनी पण चाटलं आणि म्हणाल्या, श्शी, हे ती कशी पिणार. ९० मिली संपवलंय तिने, आणि बाटली चावतेय.